एकच चौकोन भिजला

१

"दोन दिवस झाले, तरी ओल्या घोंगडीचा वास जात नाहीये. आणि आज म्हणे ती बाई परत पाणी सांडायला येणार."

लिफ्टमध्ये माझ्या कानापासून चार बोटांवर ही कुरकुर झाली. बोलणाऱ्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, हातात कॉफीचा कप. ती बाई म्हणजे मी. पाण्याची बाटली माझ्या पिशवीतच होती.

"उद्या जाईल वास," मी समोर बघतच म्हटलं. "तोवर खिडकी उघडा. म्हणजे, या इमारतीला कुठे असलीच तर."

त्यानं कॉफीचा कप तोंडाला लावला.

दोन हजार पाच सालची गोष्ट. खराडीत तेव्हा दर महिन्याला एक काचेची इमारत उगवत होती, आणि प्रत्येकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट. अमेरिकेतले पाहुणे काय म्हणतील याचा विचार सगळ्यांनी केला होता. बाहेरचा मुरूम बुटांना लावून आपलीच माणसं आत येतील, हा विचार राहून गेला. त्या राहून गेलेल्या विचारावर माझं घर चालतं. कर्वेनगरात माझी लहानशी क्लीनिंग सर्व्हिस आहे, दोन मशिनं आणि चार बायका. मी अकरावी नापास. हे काम मी डब्यांवरची लेबलं वाचून शिकले, शेजारी मुलीची डिक्शनरी ठेवून.

आधी कार्पेट शाम्पूने धुवायचं, मशीनने मळकं पाणी ओढून काढायचं, आणि ते ओलसर असतानाच त्यावर प्रोटेक्टर फवारायचं. आमच्या बायका त्याला कोटिंग म्हणतात. वाळलं की धाग्यांवर न दिसणारं कवच बसतं; चहा सांडला तरी अळवाच्या पानावरच्यासारखा वरच राहतो, फडक्याने टिपून घ्यायचा. पण जे दिसत नाही त्यावर पुण्याचं गिऱ्हाईक विश्वास ठेवेल तर ते पुण्याचं कसलं? म्हणून कोटिंग वाळल्यावर मी स्वतः जाते, त्यांच्या देखत पाणी शिंपडते, थेंब उभे राहिले की मगच कागदावर सही मागते.

त्या सोमवारी त्यासाठीच चालले होते. शनिवारी आम्ही नमुना म्हणून एकच केबिन केली होती, एचआर मॅनेजर रुपाली मॅडमची. ती पसंत पडली की सगळे मजले आमचे. आणि जिनं कोटिंग मारलं त्या शालूला कंपनी एक तारखेपासून हाउसकीपिंगमध्ये कायम घेणार होती. वाघोलीच्या एका खोलीत दोन मुली वाढवणाऱ्या बाईसाठी कायम हा शब्द मंगळसूत्रापेक्षा भरवशाचा असतो.

सहाव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. शालू समोरच उभी होती. डब्याची पिशवी छातीशी धरलेली, डोळे कोरडे. तेच मला बरं दिसलं नाही.

"इंदुबाई," ती म्हणाली, "मी चोर हाय का हो?"

२

केबिनमध्ये रुपाली मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. पस्तिशीच्या, नेटक्या. दहातली नऊ नखं रंगवलेली, दहाव्याला चिकटपट्टी. शेजारी दिग्विजय सर उभे होते. सगळा मजला त्यांच्या हाताखाली, आणि उभं राहण्याची पद्धतही अशी की इमारतही त्यांचीच असावी. दाराशी उत्तरेश्वर, बार्शीकडचे, पन्नाशीचे शिपाई.

दिग्विजय सरांनी मला आत घेऊन दार लावलं. रुपाली मॅडम उठल्या, दार उघडलं, खाली लाकडाची पाचर सरकवली आणि परत येऊन बसल्या. सरांनी तिकडे पाहिलंही नाही. रोजचंच असावं.

"मावशी, सिंपल आहे," सर म्हणाले. "शनिवारी कपाट हलवायचं म्हणून त्यातलं सामान खोक्यांत भरून पॅसेजमध्ये ठेवलं होतं. शेजारी तुमच्या कचऱ्याच्या पिशव्या. आज एक फाइल मिसिंग आहे. तुमच्या बाईनं ती कचऱ्यात टाकली, नाहीतर कोणाला तरी दिली. बारा वाजता मीटिंग आहे. तोपर्यंत फाइल आली नाही तर मी पोलिसांना फोन करणार."

"कसली फाइल?"

"एक इश्यू आहे. इंटर्नल."

"एक प्रकरण आहे," रुपाली मॅडम टेबलाकडे बघत म्हणाल्या. "आपल्याला त्यातलं काही..."

"पूर्वाताईंचं ते," उत्तरेश्वर पुटपुटले, आणि सरांनी नुसतं पाहिल्यावर गप्प झाले.

एका फाइलला तीन नावं, आणि एकातही फाइलमध्ये काय आहे ते नाही. मी दोन मुली वाढवल्या आहेत. जेव्हा घरातली सगळी माणसं एखाद्या गोष्टीला 'ते' म्हणायला लागतात, तेव्हा ते काय असतं हे मला कळतं.

"फाइल दिसायला कशी?"

"लाल कापडी पाठीची. लाल नाडी," मॅडम म्हणाल्या.

"त्याच खोक्यात होती?"

"असावी." त्यांनी चिकटपट्टीचं बोट मुठीत घेतलं.

असावी! या 'असावी'वर शालूला पोलीस चौकीत बसवायचं होतं.

घड्याळात सव्वादहा. "बरं," मी बाटली काढली. "मी ज्याला आले ते आधी करते. चोर असू पण अर्धवट काम ठेवणाऱ्या नाही."

दारापासून सुरुवात केली. थेंब पडले आणि उभे राहिले. टेबलापाशी उभे. भिंतीलगत उभे. दर वितीवर एक पट्टा असा होता जिथे ते जरा पसरट बसत होते. ते माझ्या लक्षात आलं, आणि मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मग कपाटाच्या पायाशी शिंपडलं.

तिथे थेंब पडले आणि कार्पेटने ते पिऊन टाकले.

३

"वा!" सर हसले. "कामही धड नाही."

मी शालूला पॅसेजमध्ये घेतलं. "खरं सांग. उभा आणि आडवा, दोन्ही हात मारलेस?"

तिनं मान खाली घातली. "आडवा नाय मारला बाई. चार वाजले होते. वाघोलीची बस चुकली असती, पोरी कुलपाबाहेर बसल्या असत्या."

आमच्या धंद्यात कोटिंग दोनदा मारतात, एकदा उभं, एकदा आडवं, म्हणजे मधल्या फटी भरून निघतात. हिनं एकदाच मारलं. म्हणून ते पसरट पट्टे. मला राग आला, आणि त्या रागात एक घाणेरडा विचारही आला: जी आडवा हात चुकवते, ती अजून काय चुकवेल?

"आणि कपाटापाशी? तिथे काहीच नाही."

"नाय हो! तिथूनच तर सुरवात केली. लांबच्या कोपऱ्यातनं मागं मागं सरकत दाराकडं. तुम्हीच शिकवलंय. सगळं झाल्यावर उत्तरेश्वरकाकांनी माझ्यासमोर कुलूप घातलं."

मी परत आत गेले, गुडघ्यावर बसले, आणि थेंब थेंब टाकत ओल्या जागेची हद्द काढली. कपाटाच्या पायाशी सुरू होऊन दीड-पावणेदोन फुटांवर सरळ थांबणारी. चारही बाजूंनी सरळ, कोपरे काटकोनात.

फवाऱ्याचं तोंड पंख्यासारखं असतं. हात चुकला तर जागा सुटते ती चंद्रकोरीसारखी, नाहीतर शेपटीसारखी. फवारा चौकोन ओळखत नाही.

या ऑफिसात कार्पेट सलग नव्हतं. शहाबादी फरशीसारखे त्याचे चौकोनी तुकडे जोडून बसवलेले. म्हणजे शालूनं हा तुकडा सोडला नव्हता. ती फवारत होती तेव्हा हा तुकडा इथे नव्हताच. इथे दुसरा होता. तो नंतर कोणीतरी उचलला आणि त्या जागी हा आणून ठेवला. कुलूप लागल्यानंतर.

मी वाकून वास घेतला. दिग्विजय सरांनी तोंड वाकडं केलं, असू दे. या तुकड्याला शाम्पूचा वास नव्हता. कपाळाला चोळायच्या बामचा होता. आणि त्याच्या एका कोपऱ्यात खोल, गोल खड्डा होता, रुपयाच्या नाण्याएवढा.

"मावशी, झालं का तुमचं?" सर म्हणाले. "पावणेअकरा वाजलेत."

४

उत्तरेश्वर पँट्रीत कप विसळत होते.

"काका, या तुकड्यांवर डाग पडला तर तुम्ही काय करता?"

"डाग पडलेला काढायचा, कुणाच्या टेबलाखालचा चांगला काढून तिथं लावायचा. डागाचा टेबलाखाली. पाव्हणे काय टेबलाखाली बघत नाहीत." ते हसले. "हितं सगळ्यांनाच येतंय ते. फक्त कड लई घट्ट आसती. उचकटताना नख जातं."

मी त्यांच्या हातातला कप घेऊन पुसायला लागले.

"शनिवारी कुलूप लावल्यावर किल्ली कुठे होती?"

"माझ्या मागं, बोर्डावर. मी सहापर्यंत हितंच हुतो."

"कोणी आलं होतं?"

त्यांनी एकच कप दोनदा विसळला. "बाहेरचं कोणी नाही."

"मी बाहेरचं विचारलं नाही."

"बाई, माझी नोकरी सात वर्षं राहिलीय," उत्तरेश्वर म्हणाले, आणि नळ मोठा सोडला.

तेवढ्यात एक मुलगी पाणी प्यायला आली. चोवीस-पंचवीसची. तिला बघून कॉफी घ्यायला आलेले दोघे बोलता बोलता थांबले, कप घेऊन निघून गेले. मला नाव विचारावं लागलं नाही.

"तूच पूर्वा ना? ती फाइल तुझी?"

"माझी तक्रार आहे त्यात." ती सावकाश म्हणाली. "आणि अक्षताचा जबाब. जे झालं त्यानंतर मी बाहेर आले तेव्हा ती दारात होती. गेल्या महिन्यात ती अमेरिकेला गेली. तिची सही फक्त त्या कागदावर आहे. आज तक्रार समितीची मीटिंग आहे, तिच्यावरच्या बाहेरच्या संस्थेतल्या बाई येणार आहेत. फाइल नसेल तर माझ्याकडे फक्त माझं तोंड आहे, आणि समोर त्यांचं. कोणाचं चालेल?"

"फाइल तू तर नाही ना नेलीस? जपून ठेवायला?"

ती चिडेल असं वाटलं होतं. "विचार केला होता," ती म्हणाली. "मग वाटलं, एचआरवर विश्वास ठेवावा. मॅडम पहिल्या दिवशी माझ्यासोबत रडल्या होत्या. मला ते विचित्र वाटलं. मी रडत नव्हते."

बाम. गोल खड्डा. रडणं. उघडं ठेवलेलं दार. नखाची चिकटपट्टी. सगळे तुकडे माझ्यासमोर होते आणि मला ते जोडायचे नव्हते, कारण जोडून जी आकृती होत होती ती मला आवडत नव्हती. रुपाली मॅडम शनिवारी सकाळी आमच्या बायकांना स्वतः चहा करून देत होत्या. अशी माणसं चोर निघू नयेत असं फार वाटतं.

पण पॅसेजमध्ये शालू पिशवी छातीशी धरून उभी होती. दिग्विजय सर तिच्यासमोर मोबाइल नाचवत होते. "लास्ट चान्स देतोय. कोणाला दिलीस? सांग, मग पोलीस नाही."

शालूला खोटं बोलायला सांगत होते ते. आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, की अजून थोडा वेळ गेला तर ती बोलेल.

"काका," मी उत्तरेश्वरांकडे वळले. "या मजल्यावर सगळ्या खुर्च्यांना चाकं आहेत, टेबलांना सपाट पट्ट्या. लोखंडी खाट कुठे आहे?"

त्यांनी नळ बंद केला.

"बायकांच्या आरामखोलीत," ते म्हणाले. "किल्ली मॅडमकडंच आसती. ब्लँकेट चोरीला गेल्यापासनं."

५

"किल्ली सापडत नाहीये," रुपाली मॅडम म्हणाल्या.

"पर्सच्या आतल्या कप्प्यात असते, मॅडम," माझ्यामागून पूर्वा म्हणाली. "माझं डोकं दुखायचं तेव्हा तुम्हीच काढून द्यायचात."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग कप्पा उघडला.

दिग्विजय सर आरामखोलीच्या दारापर्यंत आले आणि तिथे थांबले. दारावरच्या पाटीने त्यांना थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदाच थांबले असतील. आत आम्ही चौघी: मी, शालू, पूर्वा, मॅडम. मॅडम सरळ जाऊन खाटेवर बसल्या. पाय जुळवून, हात मांडीवर, एसटीत जागा धरून बसतात तशा.

मी खाटेखाली हात घातला. तीन पायांखाली तुकडे दबलेले होते, खड्डे मुरलेले. चौथ्या पायाखालचा तुकडा नवा धुतलेला, पाय नुसता टेकलेला. मी बाटलीतलं पाणी टाकलं.

थेंब उभे राहिले. एका पट्ट्यावर जरासे पसरट.

"आता एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगते," मी दाराकडे तोंड करून म्हटलं, सरांनाही ऐकू जावं म्हणून. "शनिवारी आमचं काम अर्धवट झालं. शालूनं कोटिंगचा आडवा हात मारला नाही. तुमचे बाकीचे मजले आता आम्हाला देऊ नका हवं तर. पण त्या चुकीमुळे त्या केबिनमध्ये दर वितीवर एक कच्चा पट्टा राहिलाय, आणि तोच पट्टा या तुकड्यावर आहे. या ऑफिसात आम्ही दुसरीकडे कुठेही थेंबभर कोटिंग मारलेलं नाही. हा तुकडा शनिवारी चारपर्यंत कपाटाच्या पायाशी होता."

"सो व्हॉट?" बाहेरून आवाज आला.

पूर्वानं खाटेचा तो पाय उचलून धरला; मी तुकडा ओढून बाहेर काढला आणि उजेडात धरला. त्याच्यावर लाल रेघ होती. फाइलच्या पाठीएवढी लांब, सरळ, आणि शेजारी नाडीचं वेटोळं, गाठीसकट.

"लाल कापडाचा कच्चा रंग, ओल्या कार्पेटवर उतरलेला. कोरड्यावर उतरत नाही. फाइल खोक्यात गेलीच नव्हती, कपाटातच होती; त्याचा खालचा खण बंद करायला दोन्ही हात लागतात, म्हणून ती क्षणभर खाली ठेवली गेली. म्हणजे कोटिंग मारल्यानंतर फाइल कपाटापाशी होती. कचऱ्याच्या पिशव्या तेव्हा खाली गेल्या होत्या आणि शालू बसस्टॉपवर होती. डाग कोणी बघितला असता तर कुलपाच्या आत कोणीतरी आलं होतं हे उघड झालं असतं. म्हणून तुकडा बदलला. इथल्या प्रत्येकाला येतं तसा."

शालूच्या हातातली पिशवी पहिल्यांदाच खाली आली.

"बोर्डावरची किल्ली घेतली तरी उत्तरेश्वरकाकांनी हटकलं नाही, असं माणूस," मी म्हटलं. "आणि या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे, असंही. मॅडम, नख दुखतंय का अजून?"

मॅडमनी चिकटपट्टीचं बोट परत मुठीत घेतलं.

"मी हिचं नाव घेतलं नव्हतं," रुपाली मॅडम अगदी हळू म्हणाल्या.

"नाही. 'असावी' म्हणालात."

त्यांनी शालूकडे पाहिलं. शालू मान वळवून भिंतीकडे बघत होती. तिला शिव्या येतात, चांगल्या येतात. त्यातली एकही तिनं दिली नाही. मला वाटतं मॅडमना तेच सोसलं नाही.

"फाडणार होते," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं मला तसं. शुक्रवारी. कुठल्या पदावर आहेस ते आठव, म्हणाले. शनिवारी इथे बसून दोनदा फाडायला घेतली. पहिलं पान वाचलं की हात थांबायचा."

"का?" पूर्वानं विचारलं.

मॅडमनी गादीची कड घट्ट धरली.

"उठता का जरा?" मी म्हटलं.

आपल्याकडे बायका जपायचं ते सगळं गादीखाली ठेवतात: पत्रं, पोथीतलं पान, नवऱ्यापासून लपवलेली नोट. त्या उठल्या. गादी त्यांनीच उचलली.

६

लाल नाडी सोडलेली होती. पूर्वानं एकेक कागद मोजला. तिची तक्रार होती, अक्षताचा जबाब होता, सही होती. आणि सगळ्यांत खाली एक जुना, घडी पडलेला कागद होता. त्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख, अक्षर वेगळं, खाली सहीची जागा कोरी.

पूर्वानं तो वाचला. मग घडी घालून मॅडमच्या हातात दिला.

मला तेव्हा दाराखालची ती पाचर आठवली.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. पॅसेजमध्ये लिफ्टचं दार वाजलं; सुती साडी नेसलेल्या, चष्म्याच्या एक बाई आल्या, आणि उत्तरेश्वर त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरून उभे राहिले. समितीच्या बाई. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, लाल फाइलकडे पाहिलं, हातात अख्खा कार्पेटचा तुकडा धरलेल्या माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं.

"सापडली ना फाइल? ग्रेट!" दिग्विजय सर एकदम मोकळं हसले. कमाल वाटली मला त्या हसण्याची. "मिसप्लेस झाली होती, मॅडम. हाउसकीपिंगचा गोंधळ. रुपाली, चल, आधी आपण दोघं पाच मिनिटं आत बोलून घेऊ. दार लाव."

"हाउसकीपिंगचा नाही," शालू म्हणाली. आवाज फुटलेला, पण निघाला.

सर तिच्याकडे वळले नाहीत. त्यांनी रुपाली मॅडमच्या कोपराशी हात नेला. लागला नाही हात, नुसता नेला. आणि मी पाहिलं, मॅडमचं सगळं अंग ओल्या कपड्यासारखं पिळलं गेलं.

आसपासच्या खुर्च्या वळल्या. लिफ्टमधला तो कुरकुऱ्याही कॉफीचा कप घेऊन उभा होता. चाळीसेक माणसं असतील. इश्यू, प्रकरण, ते, जे झालं. वर्षभर त्या मजल्यावर हे शब्द चालले होते आणि प्रत्येकाला त्यांचा अर्थ ठाऊक होता. कोणी खाली बघत होतं, कोणी स्क्रीनकडे.

"दार उघडंच राहू दे," रुपाली मॅडम म्हणाल्या.

"रुपाली, विचार कर."

"दोन वर्षं केला." त्या समितीच्या बाईंकडे वळल्या. घडीचा कागद त्यांच्या हातात होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "या शालू. यांनी काही चोरलं नाही. फाइल मी घेतली, आणि आळ यांच्यावर गेला तेव्हा मी गप्प बसले. ते आधी लिहून घ्या."

बाईंनी पेन काढलं.

"आणि या फाइलमध्ये गैरसमज, इश्यू असलं काही लिहिलेलं नाही," रुपाली मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम चढवला, शेवटच्या खुर्चीपर्यंत जावा एवढा. "दिग्विजय सरांनी केबिनचं दार लावून पूर्वाला धरलं होतं. ती ओरडली, म्हणून सुटली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला धरलं, तेव्हा मी ओरडले नव्हते."